चौदा हजारांतले तीन हजार

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे डोंबिवलीला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, पाने उठली, विड्याचे तबक फिरले, आणि मी सोफ्यावर जरा आडवा होण्याच्या बेतात असतानाच भाच्याने हळूच येऊन विचारले, "मामा, जरा गच्चीवर येता का?" तरुण भाचा मामाला एकट्याला गच्चीवर बोलावतो त्याची कारणे आमच्या लहानपणी दोनच असत : एक तर त्याला कुठे तरी प्रेम जमलेले असे, नाही तर नापास झाल्याचा निकाल घरी सांगायचा असे. या भाच्याचे लग्न होऊन चार वर्षे झाली आहेत, पोरगी दीड वर्षाची आहे, आणि नापास होण्याचे वय केव्हाच मागे पडले आहे. तेव्हा मी थोड्या कुतूहलानेच जिना चढलो.

गच्चीवर कोणाच्या तरी कुरड्यांचे रिकामे खाट पडले होते. त्यावर बसून त्याने खिशातून तीन कागद काढले. तीन क्रेडिट कार्डांची तीन बिले. पहिले १,४२,००० रुपयांचे, दुसरे ८६,००० चे आणि तिसरे ५२,००० चे. बेरीज मी तोंडीच केली : दोन लाख ऐंशी हजार. हाती येणारा पगार अडुसष्ट हजार. आणि बायकोला यातले एकच कार्ड ठाऊक.

"अरे, एवढं केलंस तरी काय?" हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता, पण मी तो गिळला, आणि गिळला हे बरेच झाले. कारण त्याने केले काही नव्हते. पोरगी झाली ती आठव्या महिन्यात. नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. विम्याची मर्यादा सहाव्या दिवशीच संपली. उरलेले कार्डावर गेले. पुढे कंपनी बदलताना दीड महिना बिनपगारी गेला. मग फ्रीज बिघडला. हे सगळे मिळूनही दोन लाख ऐंशी हजार होत नाहीत, हे मात्र मला तेव्हाच जाणवले. वरचे कोठून आले ते पुढे कळले.

"पण मी एकही महिना चुकवला नाही, मामा," तो म्हणाला. "दर महिन्याला जेवढे मिनिमम म्हणतात तेवढे बरोबर तारखेला भरतो. चौदा हजार. दोन वर्षं होत आली. तरी आकडा हलतच नाही."

मी मराठीचा मास्तर. आकडेमोडीशी माझा संबंध परीक्षेच्या गुणांच्या बेरजेपुरता. परंतु त्या दुपारी पेन्सिल घेऊन जे मांडले, ते या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात कधी ना कधी उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून येथे सविस्तर देतो.

कार्डाच्या बिलाच्या पाठीमागे, डोळ्यांना चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत, व्याजाचा दर दिलेला असतो. या तिन्ही कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्के होता. 'महिन्याला' हा शब्द फार महत्त्वाचा. साडेतीन हा आकडा ऐकायला किती गरीब वाटतो! बाराने गुणले की तो बेचाळीस होतो, आणि चक्रवाढ धरली की त्याहूनही पुढे जातो. शिवाय कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. घरकर्जाच्या किंवा साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर हा कर नाही. कार्डाच्या व्याजावर आहे. म्हणजे साडेतीनाचे झाले ४.१३ टक्के.

आता पाहा. बिल २,८०,००० चे. त्याने किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे १४,००० भरले. उरले २,६६,०००. त्यावर महिन्याचे व्याज ९,३१०, कर १,६७६, मिळून १०,९८६. पुढचे बिल आले २,७६,९८६ चे. (भरणा बिलाच्याच दिवशी झाला असे धरले आहे, दिवसांचा हिशेब इकडेतिकडे झाला तर आकडा भाच्याच्या विरुद्धच जाईल.) तात्पर्य, चौदा हजार रुपये खिशातून गेले आणि कर्ज कमी झाले फक्त तीन हजार चौदा रुपयांनी. एक पैसाही नवा खर्च न करता असेच वर्षभर चालू ठेवले तर सुमारे १,५८,४०० रुपये भरून मुद्दल उतरेल ते सुमारे ३४,१०० रुपयांनी. उरलेले सव्वा लाख कोठे गेले, हे विचारायला जायची सोय नाही. ते बिलावर छापलेलेच असते.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी नुसतं भाडं भरत होतो."

बरोबर होते ते.

आणि आकडा मुळीच का हलत नव्हता तेही लगेच उघड झाले. त्याने कार्ड वापरणे थांबवलेच नव्हते. किराणा कार्डावर, पेट्रोल कार्डावर, पोरीची औषधे कार्डावर. का, तर 'पॉइंट' मिळतात. कार्डाचे बिल पूर्ण भरणाऱ्याला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, हे खरे. पण मागची बाकी एकदा राहिली की ती सवलत जाते, आणि आज घेतलेल्या साखरेवर आजपासूनच व्याज लागू होते. हे त्याला ठाऊक नव्हते. मला तरी कोठे ठाऊक होते? त्या रात्री तीनही बँकांची नियमावली वाचत बसलो तेव्हा कळले. साखरेवर मिळालेले पॉइंट रुपयांत मोजले तर व्याजाच्या पासंगालाही पुरत नव्हते.

येथे एका मराठीच्या मास्तराला थोडे विषयांतर क्षम्य असावे. 'व्याज' हा शब्द आपण ज्या संस्कृतातून घेतला तेथे त्याचा मूळ अर्थ निमित्त, मिष, कपट असा आहे. निंदेच्या मिषाने स्तुती, किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा, ती व्याजस्तुती. ज्यात आतबाहेर काही नाही ते निर्व्याज प्रेम. पैशावरच्या वाढीला संस्कृतात वृद्धी म्हणत, कुसीद म्हणत. मराठीने त्यासाठी नेमका हा कपटाचा शब्द का पत्करला असेल, याचा विचार करताना मला नेहमी मौज वाटते. आपल्या पूर्वजांना अनुभव भरपूर असावा.

अनुभव होताच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे व हुकूमनामे काढून त्यांची होळी केली. पैसाअडका नेण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा रोख अधिक होता. त्या दंग्यांनंतर चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. त्याच्याही आधीपासून हिंदू धर्मशास्त्रातला 'दामदुप्पट' हा नियम आपल्याकडे होता, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये तो मानीत. नियम साधा : धनकोने ऋणकोकडून एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये. व्याज मुद्दलाएवढे झाले की तेथे थांबायचे. सावकार निर्दय असेल, पण त्याच्या चोपडीला निदान एक शेवटचे पान होते.

क्रेडिट कार्डाच्या चोपडीला ते नाही. वास्तविक या कार्डाचा जन्म असा नव्हता. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅक्‌नमारा याने डायनर्स क्लबचे कार्ड काढले ते हॉटेलात जेवण्यासाठी, आणि महिनाअखेर सगळे बिल चुकते करण्याच्या अटीवर. आठ वर्षांनी, १९५८ मध्ये, बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डे लोकांनी न मागता टपालाने घरोघर पाठवली. त्या कार्डात नवी सोय होती : सगळे भरायलाच पाहिजे असे नाही, थोडे भरा, बाकी पुढे चालू द्या. बाकी पुढे चालू द्या, या एका सोयीवर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. भारतात डायनर्स क्लब १९६१ साली आला. आपल्या बँकांपैकी सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले. आमच्या वडिलांच्या पिढीने ही कार्डे सिनेमातच पाहिली. आता ती चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली आहेत.

आणि कायदा? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली असा निर्णय दिला होता की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षे ते प्रकरण चालले, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. तेव्हा व्याजदर किती असावा, हे कार्डदाराच्या वतीने कोर्ट पाहील ही आशा आता सोडलेली बरी. ज्याचे त्यालाच पाहायला हवे.

पाहायचे म्हणजे काय करायचे? युक्ती जुनीच आहे. आमचे वडील शाळामास्तर होते. जून महिन्यात आम्हा भावंडांची पुस्तके, गणवेश, किराणावाल्याची चढलेली उधारी, डॉक्टरांचे राहिलेले पैसे, अशी चार तोंडे एकदम उघडी पडत. वडील शिक्षकांच्या पतपेढीतून एक कर्ज काढीत, चारही जणांचे एका दिवसात चुकते करीत, आणि पुढचे वीस महिने पगारातून एकच हप्ता कापला जाई. आई म्हणायची, "चार जणांना तोंड चुकवण्यापेक्षा एकाला तोंड दाखवलेलं बरं." आजचे बँकवाले याला मोठे भारदस्त इंग्रजी नाव देतात. वस्तू तीच : महागडी अनेक कर्जे फेडण्यासाठी एक स्वस्त कर्ज.

भाच्याच्या खासगी कंपनीत पतपेढी नव्हती. सोने होते, भाचेसुनेचे. पण त्यासाठी आधी तिला सांगायला हवे होते, आणि ते सांगणे त्याला दोन लाख ऐंशी हजारांहून जड वाटत होते. मुदतठेव एकही नव्हती. असती तर तिच्या तारणावर ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्केच जास्त देऊन पैसे उचलता आले असते, आणि तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरला असता. ज्यांच्याकडे एका कपाटात मुदतठेवीची पावती आणि दुसऱ्या खिशात कार्डाची थकबाकी आहे, अशी माणसे मी पाहिली आहेत. ठेवीवर सात टक्के घेतात, कार्डाला बेचाळीस देतात, आणि ठेव मोडली नाही याचे समाधान मानतात. असो.

उरले वैयक्तिक कर्ज. बिनतारणाचे, म्हणून घरकर्जाहून महाग. तरीही कार्डाच्या मानाने पुष्कळ स्वस्त. चांगली नोकरी आणि चांगला क्रेडिट स्कोअर असलेल्याला ते अकरा-बारा टक्क्यांपासून मिळते; स्कोअर घसरलेला असेल तर वीस-चोवीसपर्यंत जाते. हा स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो, आणि चारही पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागवता येतो. भाच्याचा ७३० च्या वर होता. कारण हप्ता त्याने खरेच चुकवला नव्हता. दोन वर्षांच्या त्या भाड्याचा एवढा तरी उपयोग झाला. ज्याने तोवर दोन-तीन महिने चुकवलेले असतात त्याला हे दार उघडे सापडत नाही, किंवा सापडलेच तर फार महाग सापडते. म्हणून हा विचार करायचा तो हप्ता भरता येत असतानाच. बुडायला लागल्यावर नव्हे.

पहिला फोन एका एजंटाचा आला. (भाच्याने संगणकावर एकदाच चौकशी केली होती, दुसऱ्या दिवसापासून अकरा फोन.) "फक्त दहा टक्के, सर! फ्लॅट!" भाचा हरखला. मी म्हटले, त्याला हप्ता विचार. दोन वर्षांसाठी हप्ता निघाला बरोबर चौदा हजार. आता हिशेब करा : २,८०,००० वर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज ५६,०००, बेरीज ३,३६,०००, भागिले चोवीस, चौदा हजार. ठीकच दिसते. पण दुसऱ्या वर्षी अर्धेअधिक मुद्दल परत केलेले असताना व्याज मात्र सगळ्या मुद्दलावर चालूच! उतरत्या शिलकीवर मोजले तर हा 'फक्त दहा' अठरा टक्क्यांहून जास्त पडतो. भाच्याचा पगार जमा होतो त्या बँकेने चौदा टक्के सांगितले होते, उतरत्या शिलकीवर. तेथे दोन वर्षांचा हप्ता १३,४४४ आणि एकूण व्याज सुमारे ४२,६५०. चौदा टक्क्यांचे कर्ज दहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा तेरा हजारांनी स्वस्त! आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, "यात नवल काय?" त्यांना नसेल. मला वाटले.

रिझर्व्ह बँकेने यावर एक चांगला उपाय केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदतकर्जाबरोबर एक तथ्यपत्रक द्यावे लागते, ऋणकोला समजेल अशा भाषेत. आणि त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहावा लागतो. 'फ्लॅट', 'स्पेशल', 'फेस्टिव्हल' ही सगळी विशेषणे त्या एका आकड्यापुढे गळून पडतात. एजंटाकडे भाच्याने ते पत्रक मागितले, तेव्हा त्याचे फोन थांबले.

बँकेतही एक गोड माणूस भेटला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सुचवले की कर्ज पाच वर्षांचे घ्या; हप्ता फक्त ६,५१५. चौदा हजारांच्या ऐवजी साडेसहा! महिन्याला साडेसात हजार वाचले! भाच्याच्या डोळ्यांत मला त्या साडेसात हजारांचे इमले दिसू लागले. पाच वर्षांचे व्याज काढले : १,१०,९००. तीन वर्षांचे ६४,५००. दोन वर्षांचे ४२,६५०. मी त्याला एवढेच विचारले, की दोन वर्षे तू महिन्याला चौदा हजार भरतोच आहेस ना? मग आणखी दोन वर्षे साडेतेरा भर. जे चौदा हजार आजवर तीन हजारांचे काम करत होते, तेच आता पहिल्याच महिन्यात दहा हजारांचे काम करतील. हप्ता कमी करणे हा या खटाटोपाचा हेतू नव्हे. ज्याची खरोखरच ओढाताण आहे, ज्याच्या घरी दूध आणि हप्ता यांत निवड करायची वेळ आली आहे, त्याने लांब मुदत घ्यावी. त्यात लाज नाही. पण अशा कर्जांचा दर बहुधा ठरीव असतो आणि मुदतीआधी फेडायला गेले तर वर दंड घेतात, म्हणून 'घेऊ लांब, फेडू लवकर' हा बेत करण्यापूर्वी ते कलम वाचून घ्यावे.

शेवटी २,८०,००० चे कर्ज, चोवीस हप्ते, चौदा टक्के असे ठरले. प्रोसेसिंग फी दोन टक्के, ५,६००. तिच्यावर कर १,००८. ही रक्कम आधीच कापून २,७३,३९२ खात्यात आले. तोवर कार्डांची नवी बिले आली होती, २,७६,९८६ ची. भाऊबीजेपासून त्याने तिन्ही कार्डे आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती, म्हणून आकडा आमच्या पेन्सिलीशी तंतोतंत जुळला. कमी पडलेले ३,६०० पगारातून घातले आणि बिल आल्यावर सहाव्या दिवशी तिन्ही बाक्या शून्य केल्या. आम्ही पेढे आणले. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन बिले! मिळून सव्वादोन हजारांची. भाचा घाबरून गेला. ते त्या सहा दिवसांचे व्याज होते. बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज मागाहून येते, हे कोणी सांगत नाही. आणि 'मी तर सगळे फेडले' म्हणून ते बिल न उघडता ठेवले की विलंबशुल्क सुरू.

आता कार्डांचे काय करायचे, यावर आमचे चांगले वाजले. भाच्याचे म्हणणे, तिन्ही ठेवावीत. बंद केली तर स्कोअर पडतो. त्यात थोडे तथ्य आहे. जुने कार्ड बंद केल्याने आणि एकूण मर्यादा घटल्याने आकडा थोडा खाली येऊ शकतो. मी मात्र हट्टाला पेटलो, कारण माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच एका सहकाऱ्याचे उदाहरण होते. त्यांनी असेच कर्ज काढून चार कार्डे कोरी केली. चारही पाकिटात राहिली. कोऱ्या कार्डावर पूर्ण मर्यादा पुन्हा मोकळी होते, आणि माणसाला वाटते, आपल्याकडे पैसे आहेत. दीड वर्षाने त्यांच्याकडे चार भरलेली कार्डेही होती आणि बँकेचा हप्ताही. त्यांच्या पतपेढीच्या कर्जाला मी जामीन होतो. सात महिने माझ्या पगारातून त्यांचा हप्ता कापला गेला. ते पैसे त्यांनी पुढे परत केले. पण स्टाफरूममध्ये ते माझ्या टेबलाशी येऊन चहा प्यायचे, ते बंद झाले ते झालेच. हे मी भाच्याला सांगितले, प्रथमच; घरी आमच्या सौभाग्यवतींनाही त्या सात महिन्यांचे नीटसे ठाऊक नव्हते. ते ऐकल्यावर त्याने दोन कार्डे बंद करण्याचे अर्ज केले आणि तिसऱ्याची मर्यादा चाळीस हजारांवर आणली. बाकी शून्य असल्यास सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे, न झाल्यास दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात. एका बँकेने पाच दिवसांत केले. दुसरीने 'सर, आपल्याला आजीवन मोफत कार्ड देतो' म्हणून तीनदा फोन केला, आणि निर्देशाचा उल्लेख केल्यावर सहाव्या दिवशी केले.

राहिली ती सर्वांत अवघड गोष्ट. कर्जाचा हप्ता पगाराच्या खात्यातून जाणार, आणि त्या खात्याचा संदेश भाचेसुनेच्याही मोबाइलवर येतो. म्हणजे सांगणे भागच होते. भाच्याने मला सोबत येण्याची गळ घातली. मी म्हटले, एवढे मात्र तुझे तू कर.

त्याने सांगितले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेही नाही. दोन दिवस तो आईकडे जेवायला येत होता एवढे बहिणीने फोनवर सांगितले, कारण न कळता. तिसऱ्या दिवशी भाचेसुनेचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाली, "मामा, पैशांचं सोडा. पेटीतल्या नऊ दिवसांचे पैसे कुठून आले ते मी एकदाही विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं ना?" यावर मी काय उत्तर देणार? मी तिला तथ्यपत्रक कोठे ठेवले आहे ते सांगितले.

तिने एक शंभर पानी वही केली आहे. एका बाजूला हप्ता, दुसऱ्या बाजूला उरलेले मुद्दल. गेल्या ५ डिसेंबरला पहिला हप्ता गेला. या ५ ऑक्टोबरला अकरावा. वहीतला शेवटचा आकडा १,६१,२८७ असा आहे. मध्ये एप्रिलच्या ओळीपुढे शाईने काही तरी खोडले आहे; त्या महिन्यात पोरीला ताप होता आणि चाळीस हजारांच्या कार्डावरून सहा हजार गेले होते. पण ते बिल संपूर्ण भरले गेले, आणि ते कसे भरले हे वहीत लिहिलेले आहे : बाहेरचे जेवण बंद, दोन महिने.

बारावा हप्ता ५ नोव्हेंबरला आहे, दिवाळीच्या तोंडावर. या भाऊबीजेला भाच्याने मला बजावले आहे, की यंदा येताना आईसाठी साडी आणू नका, त्याऐवजी पोरीच्या नावाने काही तरी ठेवा. बहिणीला यातले अजून काही माहीत नाही. ती हा अंक दरवर्षी माझ्याकडूनच घेऊन जाते. यंदा तो तिच्या हाती द्यावा की न द्यावा, एवढे मात्र अजून ठरलेले नाही.